कमी माहितीचे जुने हॉलिवूड भयपट घरी जमवताना: यादीपासून टीव्हीच्या सेटिंगपर्यंत

जुने हॉलिवूड भयपट जमवायला लागलेल्या बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. दिसेल ते उतरवून घ्यायचं, नाहीतर स्वस्तातला पन्नास सिनेमांचा संच मागवायचा. मग एका शनिवारी रात्री पाहायला बसलं की कळतं, चित्र आडवं ताणलेलं आहे, संवाद मध्येच तुटतात, आणि ज्या सिनेमासाठी एवढा खटाटोप केला तो हा नाहीच, त्याच नावाचा भलताच आहे. बिघाड क्रमात असतो. सिनेमा नावाने शोधला तरी जमवायचा प्रिंटने, म्हणजे फिल्मची नेमकी कुठली प्रत आहे ते पाहून, आणि कुठली प्रिंट हवी हे ठरेपर्यंत पैसे किंवा डेटा खर्चायचा नाही.

इथे धरलेला काळ साधारण 1931 ते 1946 आणि सिनेमे अमेरिकन स्टुडिओंचे. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. ते कुठेही चांगल्या अवस्थेत मिळतात. त्यांच्या शेजारी उभे राहून झाकले गेलेले सिनेमे मिळवतानाच खरी फसगत होते.

## तयारी: खरेदीच्या आधी तीन गोष्टी

वही किंवा स्प्रेडशीट. रकाने असे: नाव, वर्ष, दिग्दर्शक, स्टुडिओ, मूळ कालावधी, रंगीत की कृष्णधवल, आज हक्क कुणाकडे, कुठली प्रत हवी, हाती कुठली आहे, तपासली का. यातला 'मूळ कालावधी' हा रकाना लोक हमखास गाळतात, आणि पुढे सगळ्यात जास्त काम त्याचंच पडतं.

प्लेअर. डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठरावीक भागापुरते बांधलेले असतात; त्या भागाला प्रांत (रीजन) म्हणतात. डीव्हीडीसाठी भारताचा प्रांत 5, अमेरिकेचा 1, ब्रिटनचा 2. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए, ब्रिटन बी. म्हणजे भारतात विकला जाणारा साधा ब्लू-रे प्लेअर प्रांतबंदी असलेली अमेरिकन डिस्कही चालवत नाही आणि ब्रिटिशही नाही. या छंदात पुढे जायचं असेल तर सगळे प्रांत चालवणारा प्लेअर आधी घ्या, डिस्क नंतर. फोरके डिस्कना प्रांतबंदी नसते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांची अडचण वेगळी: तिथले बरेच प्लेअर युरोपातल्या पॅल या व्हिडिओ-पद्धतीच्या डीव्हीडी वाचतच नाहीत. भारतातल्या प्लेअर-टीव्हींना पॅल आणि अमेरिकेची एनटीएससी दोन्ही सहसा चालतं.

साठवणुकीची जागा. फाइली जमवणार असाल तर पहिल्या दिवसापासून दोन हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा असेल तर तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला नाही ना, ते पाहा. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॉपी अर्ध्यावर थांबली की लोक फाइलला दोष देतात.

> इशारा: संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रांत फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. एकदा अमेरिकन, एकदा ब्रिटिश डिस्क लावत प्रत्येक वेळी 'ओके' दाबत गेलात तर आठवडाभरात ड्राइव्ह अडकून बसेल.

## टप्पा 1: यादी करा, पण वर्षासकट

पहिली यादी डझन-पंधरा नावांची पुरे. नावापुढे वर्ष लिहिलंच पाहिजे, कारण या काळात नावांची पुनरुक्ती भयंकर आहे आणि नटही तेच ते.

'द ब्लॅक कॅट' घ्या. 1934 चा एडगर उल्मरचा सिनेमा हवा असतो, त्यात बोरिस कार्लॉफ आणि बेला लुगोसी हे भयपटांचे दोन गाजलेले नट आहेत. पण युनिव्हर्सलनेच 1941 मध्ये त्याच नावाचा दुसरा, बराचसा विनोदी सिनेमा काढला आणि त्यातही लुगोसी आहे. 'लुगोसीचा ब्लॅक कॅट' एवढ्यावर खरेदी केली तर दोन्हींपैकी कुठलाही हाती पडू शकतो. 'द रेव्हन'चंही तसंच: 1935 चा वेगळा, 1963 चा रंगीत वेगळा, आणि कार्लॉफ दोन्हींत. 'द ओल्ड डार्क हाउस' 1932 चा जेम्स व्हेलचा; 1963 चा त्याच नावाचा सिनेमा विल्यम कॅसलचा. 'डॉक्टर एक्स' (1932) आणि 'द रिटर्न ऑफ डॉक्टर एक्स' (1939) यांचा तर एकमेकांशी कथेचा काहीच संबंध नाही, दुसरा पहिल्याचा पुढचा भाग नव्हे. आणि 'द वॉकिंग डेड' (1936, मायकेल कर्टिझ) नुसत्या नावाने शोधून दाखवाच. अलीकडच्या टीव्ही मालिकेखाली तो पार गाडला गेला आहे. तिथे नाव, वर्ष आणि कार्लॉफ असं तिन्ही टाकूनच शोधावं लागतं.

वटवाघळांचाही घोळ होतो: 'द व्हँपायर बॅट' (1933), 'द डेव्हिल बॅट' (1940) आणि 'द बॅट' (1959) हे तीन वेगळे सिनेमे स्वस्त संचांत बहुधा शेजारी-शेजारीच असतात.

> तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे वर्ष, दिग्दर्शक आणि दोन प्रमुख नट आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

> इशारा: 'लंडन आफ्टर मिडनाइट' (1927) कुणी विकत किंवा फुकट देऊ करत असेल तर तो सिनेमा नव्हे. त्याची शेवटची ज्ञात प्रिंट 1960 च्या दशकात एमजीएम या स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. आज पाहायला मिळते ती स्थिरचित्रं जोडून 2002 मध्ये केलेली पुनर्रचना. ती जरूर पाहा, पण यादीत तशी नोंद करा.

## टप्पा 2: आज हक्क कुणाकडे आहेत ते शोधा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून उडवला जातो. खरं तर चांगली प्रिंट कुठे सापडेल याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

मूळ स्टुडिओ आणि आजचा मालक एकच असतो असं नाही. युनिव्हर्सलकडे स्वतःचे सिनेमे तर आहेतच, शिवाय 1929 ते 1949 मधले पॅरामाउंटचे बहुतेक बोलपटही त्यांच्याच ताब्यात आहेत. त्यामुळे 'आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स' (1932) किंवा 'मर्डर्स इन द झू' (1933) पॅरामाउंटच्या दुकानात शोधण्यात अर्थ नाही. वॉर्नरकडे त्यांचे स्वतःचे, एमजीएमचे जुने आणि आरकेओचे सिनेमे आहेत. म्हणून 'मॅड लव्ह' (1935, एमजीएम) आणि निर्माता व्हॅल ल्यूटनने आरकेओसाठी काढलेले 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी', 'द लेपर्ड मॅन', 'द सेव्हन्थ व्हिक्टिम' (तिन्ही 1943) वॉर्नरच्या वाटेने येतात, कधी थेट, कधी क्रायटेरियनसारख्या डिस्क काढणाऱ्या कंपनीला परवाना देऊन. कोलंबियाचे सिनेमे, उदाहरणार्थ 'द ब्लॅक रूम' (1935), सोनीकडे.

चौथा गट अनाथांचा. मॅजेस्टिक, मोनोग्राम, पीआरसी अशा छोट्या, तुटपुंज्या भांडवलाच्या कंपन्यांचे सिनेमे, आणि 'व्हाइट झॉम्बी'सारखे (1932) स्वतंत्रपणे काढलेले. अमेरिकेत 1963 पर्यंतच्या सिनेमांचा कॉपीराइट 28 व्या वर्षी नूतनीकरण करावा लागायचा; ते राहून गेलं की हक्क संपले. 'व्हाइट झॉम्बी', 'द व्हँपायर बॅट', 'द डेव्हिल बॅट' असेच मोकळे झाले आणि कुणीही उठून त्यांच्या डिस्क काढू लागला. मोकळे म्हणजे फुकट, पण फुकट म्हणजे चांगली प्रिंट नव्हे. याच गटात वाईट प्रतींचा सर्वात मोठा ढीग आहे.

भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्यामुळे घरी पाहण्यापुरता प्रश्न या काळातल्या सिनेमांबाबत फारसा उरत नाही. पण नव्या डिस्कवरची भाष्यं, सबटायटलं, नवं संगीत यांचे हक्क वेगळे असतात, आणि सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून जाहीर खेळ करणं हे घरी पाहणं नाही. त्याला प्रमाणपत्र आणि परवानगी लागते.

## टप्पा 3: कुठली आवृत्ती हवी ते ठरवा

एकाच सिनेमाच्या दोन-तीन अवस्था बाजारात असतात. त्यांतली एक निवडून वहीत लिहा. निवडताना पुढच्या चार गोष्टी पाहायच्या.

कापाकापी. 1 जुलै 1934 पासून हॉलिवूडमध्ये पडद्यावर काय दाखवायचं नाही हे सांगणाऱ्या आचारसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. त्याआधीचे सिनेमे पुन्हा थिएटरात आणताना त्यांतले संवाद आणि प्रसंग कापले गेले, आणि पुढे टीव्हीवर आणि जुन्या व्हिडिओवर बऱ्याचदा तीच कापलेली प्रिंट फिरली. जुलै 1934 च्या आधीचा सिनेमा असेल तर कालावधी जुळवल्याशिवाय घेऊच नका.

पुनःप्रदर्शनाची प्रिंट. युनिव्हर्सलचे बरेच सिनेमे 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून रिअलआर्ट या कंपनीने पुन्हा लावले. सुरुवातीच्या फलकावर युनिव्हर्सलचं विमान किंवा पृथ्वीगोल न दिसता रिअलआर्टचं नाव आलं तर ती नंतरची प्रिंट आहे. सिनेमा पूर्ण असू शकतो, पण फलक मूळ नाहीत. माझ्या मते कापलेली नसेल तर चालवून घ्यावी, वहीत नोंद मात्र हवी.

रंग. इथे उलटसुलट दोन्ही चुका होतात. संगणकाने रंगवलेल्या आवृत्त्या लोक 'रिस्टोअर्ड' समजून घेतात. त्या घेऊ नका. कृष्णधवल सिनेमातली सावलीची सगळी कारागिरी रंगांखाली जाते. दुसरीकडे 'डॉक्टर एक्स' (1932) आणि 'मिस्टरी ऑफ द वॅक्स म्यूझियम' (1933) हे कर्टिझचे दोन सिनेमे मुळातच रंगीत आहेत, दोन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये चित्रित झालेले. त्या पद्धतीत तांबूस-नारिंगी आणि हिरवट-निळसर एवढीच छटा मिळते. निखळ निळा किंवा पिवळा येत नाही. चित्रात अशा छटा दिसल्या की लोक 'प्रिंट खराब' म्हणून टीव्हीचे रंग बदलत बसतात, नाहीतर कृष्णधवल प्रत शोधतात. 'डॉक्टर एक्स'ची कृष्णधवल आवृत्ती आहे, पण ती वेगळी चित्रित केलेली आहे. बऱ्याच दृश्यांचे टेक निराळे आहेत. वॉर्नर आर्काइव्ह या वॉर्नरच्याच डिस्क-विभागाच्या 2021 च्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत, त्यामुळे तीच घ्या आणि वाद मिटवा.

'द व्हँपायर बॅट'मध्ये आणखी एक गंमत: कृष्णधवल सिनेमात गावकऱ्यांच्या मशालींच्या ज्वाळा मूळ प्रिंटवर हाताने रंगवलेल्या होत्या. जतन केलेल्या चांगल्या आवृत्तीत त्या ज्वाळा रंगीत दिसतात. तुमच्या प्रतीत राखाडी असतील तर ती कुठल्या तरी जुन्या टीव्ही-प्रिंटची नक्कल आहे.

अति-स्वच्छता. फिल्मचा दाणा (ग्रेन, चित्रातले बारीक कण) म्हणजे घाण नव्हे. संगणकाने तो पुसला की गालांवर मेण लावल्यासारखं दिसतं आणि केसांचा एकच गोळा होतो. 'व्हाइट झॉम्बी'च्या 2013 च्या अमेरिकन ब्लू-रेवर सफाई केलेली आणि न केलेली अशा दोन्ही आवृत्त्या दिल्या आहेत. ओरखडे असले तरी न पुसलेली पाहावी, असं माझं ठाम मत.

## टप्पा 4: मिळवणं

डिस्क. एकच सिनेमा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या संचांत निघतो. 1934 चा 'ब्लॅक कॅट' आणि 1935 चा 'रेव्हन' अमेरिकेत स्क्रीम फॅक्टरी या कंपनीच्या 2019 च्या युनिव्हर्सल संचाच्या पहिल्या खंडात आहेत. ब्रिटनमध्ये युरेका या कंपनीच्या 2020 च्या संचात, ज्यात एडगर ॲलन पोच्या कथांवरचे लुगोसीचे सिनेमे आहेत. पहिला प्रांत ए, दुसरा प्रांत बी. कुठला घ्यायचा हे तुमच्या प्लेअरवर आणि टपालखर्चावर ठरतं. परदेशातून मागवताना डिस्कच्या किमतीवर कस्टम ड्युटी आणि कुरिअरची हाताळणी फी चढते, तेव्हा एकेक डिस्क मागवण्यापेक्षा संच किंवा येणाऱ्या नातेवाइकाची बॅग परवडते.

जुन्या बाजारातून घेताना डिस्क उलटी करून उजेडात धरा. छापील डिस्कची खालची बाजू रुपेरी असते. जांभळट किंवा निळसर झाक असेल तर ती लेखनयोग्य डिस्कवर 'बर्न' केलेली (लेसरने लिहिलेली) आहे. तशी असली म्हणजे चोरटीच असं नाही; वॉर्नर आर्काइव्हच्या मागणीनुसार काढलेल्या सुरुवातीच्या डीव्हीडी अधिकृतपणेच तशा होत्या. पण त्या लवकर बिघडतात, म्हणून किंमत तशी द्या. आणि 2006 ते 2008 या काळातल्या वॉर्नरच्या अमेरिकन डीव्हीडी दिसल्या तर जपून. त्यातल्या काही आतून खराब होतात हे कंपनीनेही मान्य केलं आहे. बाहेरून ओरखडा नसतो, तरी सिनेमा मध्यावर गोठतो.

फाइली. हक्क संपलेल्या सिनेमांसाठी इंटरनेट आर्काइव्ह ही साइट हे पहिलं ठिकाण. तिथे एकाच सिनेमाच्या बऱ्याच नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीखाली बऱ्याच फाइली. पानावरचं मोठं बटण दाबून जी उतरते ती बहुधा साइटने आकसवलेली असते. 'सगळ्या फाइली दाखवा' हा दुवा उघडा आणि आकाराने सर्वांत मोठी, मूळ चढवलेली फाइल घ्या. मोबाइलच्या टेलिग्राम चॅनेलांवरून घेऊ नका. हक्काचा प्रश्न सोडाच, तिथल्या फाइली इतक्या वेळा आकसवलेल्या असतात की काळोखात नुसते चौकोन दिसतात.

> तपासा: पैसे भरण्याआधी प्रांत, कालावधी, आवृत्ती आणि इंग्रजी सबटायटल आहेत का, या चार गोष्टी वहीशी ताडून पाहा. या काळातल्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनीत इंग्रजी सबटायटलांशिवाय घरातल्या ज्येष्ठांचं हमखास अडतं.

## टप्पा 5: हाती आल्यावर त्याच आठवड्यात तपासणी

'पाहू तेव्हा कळेल' म्हणून डिस्क कपाटात जाते, आणि परत करायची मुदत संपल्यावर उघडते. अख्खा सिनेमा पाहायची गरज नाही. पुढच्या क्रमाने गेलं तर प्रत लगेच उमगते.

आधी कालावधी. 'द वॉकिंग डेड' 66 मिनिटांचा, 'मिस्टरी ऑफ द वॅक्स म्यूझियम' 77, 'ब्लॅक कॅट' 65. तुमची प्रत कमी भरली तर लगेच 'कापलेली' म्हणू नका. पॅल डीव्हीडीत सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेम्सचा) सिनेमा 25 ने चालवतात, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो. मूळ मिनिटांना 0.96 ने गुणा: 65 चे 62 आणि थोडे, 77 चे 74. व्हीएलसी या संगणकावरच्या मोफत प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की चौकटींचा वेग दिसतो. तो 25 असेल आणि गुणाकार जुळत असेल तर सिनेमा पूर्ण आहे, फक्त पात्रांचे आवाज किंचित चढे लागतील. वेग 23.976 किंवा 29.97 असूनही मिनिटं कमी असतील तर मात्र काहीतरी गेलेलं आहे. ब्लू-रेवर सिनेमा 24 च्या वेगानेच ठेवता येतो, म्हणून ब्रिटिश ब्लू-रेला हा हिशोब सहसा लावायला लागत नाही.

मग रीळबदल. हे फार कमी लोक करतात. थिएटरात सिनेमा साधारण दहा किंवा वीस मिनिटांच्या रिळांत यायचा, आणि प्रिंट सर्वात आधी रिळाच्या टोकांना झिजायची, तुटायची, चिकटवली जायची. म्हणून सलग पाहत बसू नका. 17 ते 21, 36 ते 41 आणि 55 ते 60 या मिनिटांवर थेट उडी मारा. उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारा गोल ठिपका दिसेल. प्रक्षेपकासाठीची ती खूण. तिच्या आगेमागे संवाद अर्ध्यात तुटतोय का, माणूस दाराशी असताना एकदम खुर्चीत दिसतोय का ते पाहा. एखादा शब्द गेला तर चालवून घ्या. वाक्यच्या वाक्य गेलं तर दुसरी प्रत शोधा. हक्क संपलेल्या सिनेमांच्या दोन प्रतींतली निवड मी याच एका चाचणीवर करायला सांगतो.

मग चित्राचा आकार. या काळातलं चित्र जवळपास चौकोनी, 1.37 ला 1. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आलेच पाहिजेत. सुरुवातीच्या फलकावरचा गोल किंवा भिंतीवरचं घड्याळ लंबगोल दिसत असेल तर चित्र ताणलंय. डोक्याचे वरचे भाग आणि हनुवट्या कापल्या जात असतील तर वरून-खालून छाटलंय. ताणलेलं टीव्हीच्या सेटिंगने सरळ होतं. फाइलमध्येच छाटलेलं परत येत नाही.

मग नकलेचा मूळ स्रोत. '1080' लिहिलेली फाइल जुन्या व्हीएचएस टेपवरून फुगवलेली असू शकते. एखाद्या उजळ दृश्यावर थांबवा आणि चित्राच्या अगदी तळाशी पाहा. शेवटच्या काही ओळी थरथरत, तिरक्या सरकलेल्या दिसल्या तर ती टेप आहे. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर फाइल नीट रूपांतरित केलेली नाही. कोपऱ्यात कुठल्या वाहिनीचा शिक्का असेल तर बोलायलाच नको.

शेवटी शेवट. शेवटचं मिनिट पाहा. 'समाप्त'चा फलक आणि मागचं संगीत पूर्ण आहे का? स्वस्त संचांत जागा वाचवायला शेवट छाटलेला सापडतो.

> इशारा: दोन थर असलेली डीव्हीडी मध्याच्या आसपास एक थर संपवून दुसऱ्यावर जाते. क्षणभराचा अडखळा चालेल. तिथे गोठली आणि पुढे गेलीच नाही तर डिस्क परत करा. पुसून सुधारणार नाही.

## टप्पा 6: नावं आणि सबटायटल

फाइलचं नाव: इंग्रजी शीर्षक, मग कंसात वर्ष, आणि तेच नाव फोल्डरलाही. जेलीफिन, प्लेक्स किंवा कोडी ही फाइली मांडून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर वर्षाशिवाय ते 1934 च्या सिनेमावर 1941 चं पोस्टर चिकटवणारच. दोन आवृत्त्या ठेवायच्या असतील तर नावाच्या शेवटी 'रंगीत' किंवा 'कृष्णधवल' अर्थाचा शब्द जोडा.

सबटायटल फाइलचं नाव व्हिडिओसारखंच हवं. ती जुळत नसेल तर दोन ठिकाणी पाहा: पहिला संवाद आणि शेवटचा संवाद. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी सरकवून भागतं. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी दोन-तीन मिनिटांनी मागे-पुढे असेल तर तो 24 आणि 25 चा झगडा आहे. सरकवून काही होणार नाही. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये चौकटींचा वेग बदलून घ्या.

आजी-आजोबांसाठी कुणी मराठी सबटायटल लिहीत असेल तर फाइल यूटीएफ-8 या अक्षर-सांकेतिकेत (एन्कोडिंग) जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतील. टीव्हीचा स्वतःचा यूएसबी प्लेअर जोडाक्षरं मोडतो तेव्हा लॅपटॉप जोडून दाखवणं सोपं.

## टप्पा 7: टीव्ही आणि खोली

चांगली प्रिंट मिळवून ती दुकानातल्या चकचकीत सेटिंगवर पाहणारे बरेच आहेत. बदल एकदाच करायचे असतात:

- चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा '4:3'. 'फुल', 'झूम', 'वाइड' बंद.
- पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'.
- हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. ती चालू असली की 1932 चा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो.
- नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस शून्याच्या जवळ.
- सराउंड बंद. आवाज मोनो आहे. समोरच्या दोन स्पीकरांतूनच येऊ द्या.

काळोखाची चाचणी 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'वर घ्या. दोन बायका रात्री उसाच्या शेतातून चालत जातात, ते दृश्य लावा आणि खोलीतले दिवे मालवा. बाजूचे पट्टे पूर्ण काळे दिसले पाहिजेत आणि उसाची पानं आभाळापासून वेगळी ओळखू आली पाहिजेत. पानं आणि आभाळ एक झालं तर ब्राइटनेस किंचित वाढवा. पट्टे राखाडी झाले तर कमी करा. ते दृश्य नीट दिसलं की ल्यूटनचे बाकीचे सिनेमे आपोआप नीट दिसतात.

आवाजासाठी 'द लेपर्ड मॅन' घ्या. पीठ आणायला अंधारात पाठवलेली मुलगी परत येऊन दार ठोठावते आणि आई आतून कडी काढायला उशीर करते. त्यातलं महत्त्वाचं सगळं दाराबाहेर, न दिसता, फक्त आवाजात घडतं. ठोठावणं आणि तिची हाक वेगवेगळी ऐकू यायला हवी. घुमत असेल तर कुठला तरी 'हॉल' किंवा 'व्हर्च्युअल' इफेक्ट अजून चालू आहे.

## टप्पा 8: साठवण आणि बदल

डिस्क उभ्या ठेवा, कागदी पाकिटात नको. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जूनपासून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. दमट हवेत डिस्कवर आणि आतल्या पुस्तिकेवर बुरशी धरते. डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला मानवत नाही. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच येतो.

हार्ड डिस्कवरच्या फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि जमल्यास दुसऱ्या घरी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार जुळवा आणि मधलं एखादं मिनिट चालवून पाहा. दुसरी डिस्क वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहू देऊ नका. दर काही महिन्यांनी जोडून फिरवा.

नवी, चांगली प्रत निघाल्यावर जुनी लगेच देऊन टाकायची घाई करू नका. आधी नवी टप्पा 5 मधून काढा. मग जुन्या डिस्कवर नव्यात नसलेलं काही आहे का पाहा: अभ्यासकाचं भाष्य, कृष्णधवल आवृत्ती, न पुसलेला दाणा, मूळ फलक. तसं काही असेल तर दोन्ही ठेवा आणि वहीत कारण लिहा. नसेल तर जुनी प्रत नुकत्याच जमवायला लागलेल्या एखाद्याला द्या, सोबत तिच्यातले दोष कागदावर लिहून.